मोहोरावरची माशी

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत मी माळी, वॉचमन, आणि कुणाचं काही हरवलं की पहिला संशयित. शाळेत जेमतेम गेलो. झाडांचं जे काही कळतं, ते झाडं मारून शिकलो.

आंबा तेवढा माझ्या हातून वाचला होता. पण मोहोर यायचा, गळायचा, कैरी काही धरायची नाही. चेअरमन म्हणाले, "यंदा धरला नाही तर तोडू. गाड्यांना जागा होईल." आमची बाग म्हणजे तो आंबाच. तो गेला की माळी कशाला, आणि माळ्याला खोली तरी कशाला?

मार्केट यार्डात एक कोकणातला बागवाला भेटला. म्हणाला, "मोहोरात सडके मासे टांग. हिरवी माशी येते. सडक्यात अंडी घालते, अळ्या ती घाण खाऊन संपवतात, मग मातीत शिरून त्यांच्या माश्या होतात. माशी मात्र गोडासाठी मोहोरावर बसते. या फुलाचं पीठ त्या फुलाला लावते."

मी माशांची मुंडकी आणली. बायको म्हणाली, "अहो, झाडाला मासे! मला कधी आणलेत?"

वर चढायची भीती, म्हणून पिशवी खालच्याच फांदीला बांधली. नेमकी चेअरमनांच्या स्वयंपाकघरापाशी.

माश्या आल्या. चकचकीत हिरव्या, मोहोरभर. मागोमाग चेअरमन आले, नाकाला रुमाल लावून.

"काहीतरी मेलंय. तुम्हाला वास येत नाही का?"

"उंदीर असेल, साहेब."

"डासांच्या धुराची गाडी रस्त्यावर उभी आहे. बोलवा आत."

मी पळत गेलो. वर गाडीवरच्या धूरवाल्याला स्वतः झाड दाखवलं. म्हटलं, "इथे जास्त मारा." साहेबांसमोर हो म्हणायची सवय, दुसरं काय!

धूर विरला, तेव्हा फरशीवर हिरव्या माश्या उताण्या पडलेल्या. मी झाडू मारत होतो. बायको दारातून म्हणाली, "बोलावलेले पाहुणे मारलेत. सामान बांधायला घेऊ?"

मी झाडू टाकून पिशवीत डोकावलो.

पिशवीत अळ्या मात्र वळवळत होत्या. ती सोडून, खाली न बघता, वरच्या फांदीला नेऊन बांधली. गलेलठ्ठ झालेल्या अळ्या खाली मातीत पडून गडप व्हायच्या. मी तिथे कुणाला पाय ठेवू देत नव्हतो. मोहोर रोज गळत होता. बायको रोज एकेक भांडं पोत्यात भरत होती.

एका सकाळी, उरल्यासुरल्या मोहोरावर एक हिरवी माशी दिसली. पंख अजून चुरगळलेलेच.

मी हात जोडले. म्हटलं, "अहो, बसा."