अंगठा चांगलाय

मांडवगणच्या रेशन दुकानात माझ्यापुढं एक आजी होती. मशीन अंगठा घेईना. ती अंगठा पदराला पुसायची, फुंकर घालायची, पुन्हा ठेवायची. "कांदे काटून झिजला असंल," असं दुकानदाराला ओशाळून सांगायची. मशीनवर मात्र सर्व्हर बंद असल्याचं इंग्रजीत दिसत होतं.

मी कंपन्यांना अशाच ओळख पटवणाऱ्या सेवा विकतो. त्या कायम चालू राहतील, अशी लेखी हमीही देतो. मला राहवलं नाही.

"आजी, अंगठा चांगलाय तुमचा. सर्व्हरच बंद हाय."

तिचा चेहरा खुलला. "व्हय? मला वाटलं, मीच ऱ्हायले न्हाई."

मग गव्हाच्या पोत्यावर ऐसपैस बसत म्हणाली, "येऊ द्या त्याला सावकाश. मी हाय."