ऑटोवर टाकलेला रिअ‍ॅक्टर

तळोजाच्या केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर म्हणून राहिलं की पगारवाढीपेक्षा किस्सेच जास्त साठतात. इतरांकडे दुसऱ्यांचे असतात, माझ्याकडे सगळे माझ्याच फजितीचे!

तेव्हा मी प्रोबेशनवर होतो. काम एकच: रिअ‍ॅक्टरमधला पीएच, म्हणजे आतल्या मालाची आम्लता, आपोआप सातवर ठेवायचा. जमलं तर मी पर्मनंट, आणि आजवर हाताने व्हॉल्व्ह फिरवणारे ऑपरेटर हिराकाका पॅकिंगला. हे काकांनाही माहीत होतं.

*

पहिल्या दिवशी नुसतं पाणी भरून ऐटीत ऑटोवर टाकलं. पीएच खाली गेला म्हणून कॉस्टिक सोडा धो धो, वर गेला म्हणून अ‍ॅसिड धो धो. दोन व्हॉल्व्ह दुपारभर भांडले आणि शेवटी टाकीत उरलं मिठाचं पाणी.

काकांच्या घरची पिढ्यान् पिढ्या मिठागरं. आत डोकावून म्हणाले, "आमचा आजा मीठ पिकवायला उनाळाभर उन्हात उभा रायचा. तुमी तं एका दुपारात पिकवलंत."

*

मग मी कंट्रोलरचे आकडे बदलत बसलो. काकांनी सांगितलं, कालवणात चिंचेचा कोळ टाकला की एक उकळी येऊ द्यायची, मग चाखायचं; तुम्ही टाकता आणि लगेच चाखता. मी तेच रिपोर्टमध्ये 'प्रोसेस लॅग' म्हणून इंग्रजीत खपवलं. साहेबांचं उत्तर आलं, 'गुड इनसाइट'. ती मेल काकांना दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

*

घरी, खांदा कॉलनीत, आंघोळीलाही तेच. पाणी कढत म्हणून थंड सोडलं, गार झालं म्हणून गरम सोडलं, बादली वाहायला लागली. बाहेरून बायको म्हणाली, "आंघोळ चाललीय की ट्रायल? काकांना फोन लावू का?"

*

अलार्म तर मी इतका नाजूक लावला होता की दिवसभर कोकलायचा. एकदा तासभर गप्प राहिला, तर गेटवरचा सिक्युरिटीवाला धावत आला. आवाज का येत नाही, काही झालं का, म्हणून विचारायला!

*

ट्रायलच्या दिवशी साहेब आणि कस्टमरचे दोन इंजिनियर कंट्रोल रूममध्ये. स्क्रीनवर पीएच सात. रेषा इतकी सरळ, की मलाच भरून आलं. बॅचभर मी माझ्या ट्यूनिंगवर बोललो. एकदा तर काचेचं दार उघडून रिअ‍ॅक्टरपाशी उभं राहूनही बोललो. लॅबचा रिपोर्ट आला, तोही सात. साहेबांनी सगळ्यांसमोर हात मिळवला, पर्मनंटचं पत्र उद्या घेऊन जा म्हणाले.

पाहुणे जेवायला गेले. मी पीएच मोजणारा प्रोब धुवायला रिअ‍ॅक्टरच्या वरच्या माचावर गेलो, तर प्रोब रिअ‍ॅक्टरमध्ये नव्हताच! सकाळी तपासणीसाठी मीच तो सात पीएचच्या द्रावणाच्या बाटलीत बुडवला होता आणि तिथेच विसरलो होतो. स्क्रीन सगळा वेळ त्या बाटलीचा पीएच दाखवत होती.

शेजारी हिराकाका. एका हातात पीएच पेपरच्या भिजलेल्या पट्ट्या, दुसरा हात व्हॉल्व्हवर, शर्ट घामाने चिंब. अख्खी बॅच त्यांनी हाताने काढली होती.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. म्हटलं, "काका, एक हाक मारायची होती. तुमची जागा तरी वाचली असती."

काकांनी पट्ट्या कचऱ्यात टाकल्या.

"मारनार होतो. पन तुमी इतकं झकास समजावत होतात, मलाबी वाटलं, आपोआपच चाललंय."