नावापुढचा हुकूम

संशय घेण्याची विद्या शिकवणारी एखादी शाळा कुठे असती, तर तिथे आमच्या मामांना मानाने बोलावलं असतं आणि मामा गेले नसते. कारण हे बोलावणं नेमकं आपल्यालाच का आलं, याचा तपास त्यांना आधी करावा लागला असता. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायला कसबा बावड्यात, नोकरी राजारामपुरीत. साखर कारखान्याचा भोंगा झाला की सगळा बावडा आपापली घड्याळं लावून घेतो. मामा मात्र स्वतःच्या घड्याळाकडे बघून "आज भोंगा पुढं हाय" असं म्हणतात. नळाला वेळेआधी पाणी आलं की इतरांना आनंद होतो, मामांना काळजी लागते. रस्त्यात कुणी "बरं हाय न्हवं?" म्हणून पुढे गेला, तर मामा तिथेच थांबून त्याच्या पाठीकडे बघत राहतात. "ह्यानं कधी न्हाय ते आज का इचारलं असंल रे?" मिसळ खायला गेलो की ते माझी ताटली स्वतःकडे ओढतात आणि स्वतःची माझ्यापुढे सरकवतात. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या ताटलीत फरसाण जास्त पडलं असेल. तर म्हणाले, "दोन्ही एकाच पातेल्यातल्या हायत का बघतोय." आत्याला या सगळ्याची सवय आहे. ती म्हणते, "लग्नात अंतरपाट धरलेला, तवाबी ह्यांनी खालनं वाकून बघून घेतलं. हीच हाय का म्हणून!"

माझं गाव मलकापूरच्या अलीकडे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. माझं शिक्षण झालं ते आईच्या दोन म्हशींवर आणि पुढे मामांच्या घरी मिळालेल्या जागेवर, हे मी कुणालाही सांगतो आणि सांगताना मला बरं वाटतं. पदवीदान समारंभाला मामा स्वतः हजर होते. मी मंचावर जाऊन प्रमाणपत्र घेतलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, टाळ्याही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र ते प्रमाणपत्र त्यांनी खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं आणि मग माझ्या पाठीवर थाप मारली. "खरं हाय," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. पुढे त्यांनीच मला त्यांच्या ऑफिसात चिकटवलं.

ते ऑफिस एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. काम साधं सांगायचं तर असं: आसपासच्या गावांतल्या दूध संस्थांचे हिशेब आमच्या सर्व्हरवर असतात. सकाळ-संध्याकाळ कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, ते गावातल्या केंद्रावर नोंदलं जातं आणि क्षणात आमच्याकडे येतं. मामा त्या सर्व्हरचे राखणदार. मालकांना सगळे आण्णा म्हणत. आण्णा मनाने दिलदार, आवाजाने दणदणीत, आणि माणसावर एकदा विश्वास टाकला की डोळे मिटून टाकणारे. मामांची आणि त्यांची जोडी इतकी वर्षं कशी टिकली, हे मला अजून समजलेलं नाही. बहुधा आण्णा विश्वास ठेवत आणि मामा मागून जाऊन तो तपासून येत.

एकदा आण्णांनी बाहेरच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. सगळे सर्व्हर एकाच पानावरून चालवता येणार, कुठे काय बिघडलं ते घरबसल्या कळणार, असं ते होतं. विकायला आलेला मुलगा टाय घातलेला, गोड बोलणारा. मामांनी त्याला चहा पाजला आणि तो पीत असताना सबंध वेळ त्याच्या बुटांकडे बघत बसले. तो गेल्यावर मला म्हणाले, "वाड्याच्या साऱ्या किल्ल्या ज्याच्या कमरंला, त्याच्याकडं पयल्यांदा बघायचं असतंय."

आणि ते बघू लागले. मामांना रिकाम्या चौकोनाचा फार संशय. स्क्रीनवर 'इथे लिहा' असा चौकोन दिसला की ते म्हणत, "लोकं ह्यात काय लिवत्यात त्याचं मला काय न्हाय. लिवलेलं पुढं कुणाच्या हातात जातंय, ते सांग." त्या सॉफ्टवेअरमध्ये संस्थांच्या सेक्रेटरींसाठी एक पान उघडं ठेवलेलं होतं. त्याला पासवर्ड नव्हता. चौकोनात आपल्या सर्व्हरचं नाव घालायचं, बटण दाबायचं, की सर्व्हर चालू आहे की बंद ते कळायचं. मामांनी त्यात नाव घातलं, नावापुढे एक अर्धविराम दिला आणि त्यापुढे सर्व्हरला एक प्रश्न लिहिला: तू सध्या कुणाच्या अधिकाराने काम करतोयस? कायद्याने त्या पानाने "असं नाव नाही" म्हणून परत पाठवायला हवं होतं. त्याने काय केलं, तर नाव आणि प्रश्न दोन्ही जसंच्या तसं आतल्या यंत्राच्या हाती दिलं. यंत्राने अर्धविरामापर्यंतचं नाव मानलं, पुढचं हुकूम मानलं, आणि इमानदारीने उत्तर दिलं: सर्वांत वरच्या अधिकाराने.

मामा खुर्चीत मागे टेकले. एवढ्या वर्षांत एखादा संशय पुरता खरा निघाल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. आनंद बिलकुल नव्हता. "आज मी त्याला नुसतं इचारलं," ते म्हणाले. "दुसरा कोण असंल तर सांगंल, समदं पुसून टाक. आणि ते पुसंल." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तुझी आई पहाटं उठून धार काढती. तिचं दूध ह्याच्यातच हाय न्हवं?"

होतं. आमच्या गावची संस्थाही त्याच सर्व्हरवर होती.

मामा तडक आण्णांकडे गेले. ते पान बाहेरच्यांसाठी बंद करा, कंपनीकडून दुरुस्ती येईपर्यंत उघडू नका, एवढंच त्यांचं मागणं. आण्णांनी हसून टेबलावर थाप मारली. "मामा, गेल्या म्हयन्यात तुम्ही पाण्याच्या फिल्टरवर संशय घेतलासा. त्याच्या आधी शिपायाच्या रजंवर. बिचाऱ्याचं खरंच लगीन हुतं हो! आता ह्या कंपनीवर? केवढी मोठी कंपनी हाय, त्यांना कळत नसंल व्हय?" पान बंद केलं की सगळे सेक्रेटरी दिवसभर फोन करणार, हेही होतंच. मामांनी कंपनीला लिहिलं. तिकडून आलेल्या उत्तरात त्यांच्या अभिप्रायाबद्दल आभार मानले होते. मामांनी त्या आभारांवरही संशय घेतला, आणि या खेपेला मीही घेतला. पुढचे काही दिवस मामा चहा प्यायचे विसरू लागले. दर थोड्या वेळाने आत जाऊन सगळं जागेवर आहे ना, ते बघून येत. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाचं खरं मानलं नाही, त्याचं आता कुणी खरं मानत नव्हतं. मी आण्णांशी बोलायला दोनदा उठलो. दोन्ही वेळा मामांनी खूण करून बसवलं. म्हणाले, "तू नवा हायस. तुझी नोकरी तेवढी ऱ्हाऊ दे."

अशात आण्णांच्या पुतण्याचं लग्न आलं. हॉल मोठा, पाहुणे उदंड, आणि माईकवर एक गृहस्थ आलेल्या मान्यवरांचं स्वागत करत होते. आपल्याकडे हे असंच चालतं: कुणीतरी चिठ्ठीवर नाव लिहून पुढे पाठवतं आणि माईकवाला ते वाचतो. अमुक गावचे माजी सरपंच आलेले आहेत, तमुक संस्थेचे चेअरमन आलेले आहेत, त्यांचं हार्दिक स्वागत. मामा मागच्या रांगेत बसून बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. मला वाटलं, कुणा ओळखीच्याचं नाव सुचवत असतील.

थोड्या वेळाने माईकवरून त्याच सुरात, त्याच दमात घोषणा झाली: "कसबा बावड्याहून आलेले आमचे पाहुणे यांचं हार्दिक स्वागत आणि सर्व पाहुणे मंडळींनी आता जेवायला चलावं ही नम्र विनंती!"

अजून अक्षता पडायच्या होत्या. भटजी मंगलाष्टकं म्हणायला घसा खाकरत होते. पण कोल्हापुरात माईकवरून जेवायला बोलावल्यावर बसून राहणारा पाहुणा मी तरी पाहिलेला नाही. अख्खा हॉल उठला. खुर्च्या वाजल्या, पोरं धावली, अक्षता मुठीत धरूनच मंडळी जिन्याकडे निघाली. नवरदेव अंतरपाटाच्या कडेवरून हे सगळं बघत राहिला. आण्णा धावत माईकपाशी आले. "कुणी सांगितलं रे तुला? डोकं फिरलंय काय?"

माईकवाला घाबरला. "आण्णा, चिट्टीत हुतं. वाचलं."

"चिट्टीत कायबी असंल तर वाचशील व्हय?"

"मी लिवलंय ते," मागून मामा म्हणाले. ते रांगेतून चालत पुढे आले होते. "त्येला कशाला बोलताय आण्णा? त्येला नाव वाचायला बसवलं. नावापुढं काय हाय ते बघून मग वाच, असं कुणी सांगितलंच न्हाय. आपलं ते पान असंच हाय बघा. हितं लोकं नुसती जेवायला उठली. तिथं काय उठंल ते मला ठावं न्हाय."

आण्णांचा चेहरा लाल झाला. माझी खात्री होती की मामांची नोकरी त्या हॉलमध्येच संपणार. आण्णांनी एकदा जिन्यात तुंबलेल्या गर्दीकडे पाहिलं, एकदा माईकवाल्याकडे, आणि मग माझ्याकडे वळले. "काय रे पदवीवाल्या, हे म्हंत्यात ते खरं हाय?"

या वेळी मामांनी खूण केली नाही. "खरं आहे," मी म्हणालो. "मी समोर होतो."

"मग हितं तोंडं काय बघताय माझी? जावा! बंद करा जावा ते आधी!" आणि लगेच माईक हिसकावून ओरडले, "पावणं, मागं फिरा! अक्षता ऱ्हायल्यात!"

आम्ही न जेवताच राजारामपुरीला गेलो आणि पान बंद केलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचे फोन आले ते आलेच, मामा प्रत्येकाला "तुम्हीच बोलताय कशावरनं?" विचारत आणि मग उत्तर देत. पुढे कंपनीची दुरुस्ती आली, कोपऱ्यात बारीक अक्षरांत चूक दुरुस्त केल्याची एक ओळ टाकून. कुणी आत शिरलं नाही, काही पुसलं गेलं नाही. त्यामुळे आण्णा नंतर बरेचदा चहाच्या वेळी म्हणत, "पुतण्याचं लगीन बाटवलंत मामा, आणि झालं काय? कायच न्हाय!" मामा कप खाली ठेवून सर्व्हर बघायला आत जात. घडलं नाही ते दाखवणार कसं?

मामा आता निवृत्त झालेत. मध्यंतरी ते आमच्या गावी आले होते. सकाळी चहा न घेताच बाहेर पडले, म्हणून मी शोधत निघालो, तर दूध संस्थेच्या दारात उभे. आत बायकांची रांग होती. किटली पुढे जात होती, काट्यावर आकडा उमटत होता, चिठ्ठी फाडून हातात येत होती. मामा एकेक चिठ्ठी लांबूनच निरखत होते. रांगेतल्या एका म्हातारीला त्यांचा संशय आला असावा. तिने किटलीवर पदर ओढला आणि दरडावून विचारलं, "पावणं, कुणाकडं आलायसा?"

"कुणाकडं न्हाय. आपलं बघत हुतो."

"काय बघताय?"

"सगळं बरं चाललंय का ते."

"चाललंय की," म्हातारी म्हणाली. "दुधाला काय व्हायचंय?"

मामा काहीतरी सांगायला निघाले होते, मला दिसलं. मग ते तिला वाट देऊन बाजूला झाले. ती चिठ्ठी घेऊन, न वाचताच कनवटीला खोचून निघून गेली. ती वळणाआड जाईपर्यंत मामा तिच्याकडे बघत होते.