वहिनी कधी आडवी झाली नाही

रेजिनावहिनी गेली हे मला पुतणीने फोनवर सांगितलं. "काका, आई गेली," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवायला विसरली... पलीकडे कुणीतरी खुर्च्या ओढत असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी पोचलो तेव्हा वहिनीला पेटीत ठेवत होते. पाय सरळ झाले, हात छातीवर आले, पण डोकं खाली टेकेना. गेल्या कित्येक वर्षांत तिची मान पुढे वाकून तशीच घट्ट झाली होती. एका बाईने चादरीची घडी करून डोक्याखाली सरकवली. ती पुरेना, म्हणून उशी आणली. "किती राबली बिचारी," ती बाई म्हणाली. दफनानंतरच्या प्रार्थनेतही हेच चाललं. जो उठला तो म्हणाला की रेजिनाबाय पहाटेपासून उभी असायची, दुपारची कधी आडवी झाली नाही. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच बोललो. वर, बाहेर पडताना एका तरुण नातेवाइकाने विचारलं, "अंकल, या वयात तुम्ही एवढे ताठ कसे हो?" मी नुसता हसलो. वहिनी आडवी का झाली नाही आणि मी ताठ का आहे, या दोन्हींचं उत्तर एकच आहे. ते माहीत असलेली दुसरी व्यक्ती आता राहिलेली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

वहिनी माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको, वयाने माझ्याएवढीच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती आमच्या घरात आली तेव्हा दोन गोष्टींसाठी ओळखली जायची, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी चांगली करायची आणि गायची. लग्नाआधी कॉन्व्हेंटमध्ये एक म्हाताऱ्या परदेशी सिस्टर मुलींना चर्चमधलं गाणं शिकवायच्या. सिस्टरांचं मराठी मोडकंतोडकं, पण कान भारी. गाण्याआधी त्या मुलींना नुसतं उभं राहायला शिकवत. मान ताणू नको, खांदे उचलू नको, गुडघे आवळून धरू नको... गळा आपोआप उघडतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरी आल्यावर वहिनीचं गाणं रविवारपुरतं उरलं आणि पुढे तेही सुटलं. वाडीतल्या केळींचं काम, विहिरीचं पाणी, आठ-नऊ माणसांचा स्वयंपाक, विळीवर वाकून बसणं. दोन बाळंतपणांनंतर तिची मान आणि उजवा खांदा धरला. रात्री कूस बदलता येईना. औषधाचं तेल झालं, शेक झाला. शेवटी एका दुपारी बाजाराचं निमित्त करून ती सिस्टरांकडे गेली आणि तिथून एक उपाय घेऊन आली.

उपाय म्हणजे काहीच न करणं. रोज दुपारी थोडा वेळ कडक जमिनीवर उताणं पडायचं. डोक्याखाली एक-दोन जाड पुस्तकं, गुडघे वर, हात पोटावर. झोपायचं नाही. मान कुठे आवळली आहे ते ओळखायचं आणि तिला सोडायचं. मग उठल्यावर तीच सुटलेली मान घेऊन कामाला लागायचं. घागर उचलताना आधी गुडघे वाकवायचे, विळीवर बसताना पाठ कमरेतून मोडायची नाही. आमच्या घरात जाड पुस्तकं म्हणजे प्रार्थनेची, ती डोक्याखाली घेणार कोण? वहिनीने बसायचा पाट घेतला, त्यावर टॉवेलची घडी. तिच्या खोलीत पलंग आणि भाताच्या कणगीमुळे पाय टाकायला जागा नव्हती. मोकळी जमीन काय ती पुढच्या ओटीवर, आल्तारासमोर, म्हणजे घरच्या प्रार्थनेच्या देव्हाऱ्यासमोर. आय, म्हणजे आमची आई, दुपारी शेजारी जायची तेवढ्या वेळात वहिनी तिथे चटई टाकायची.

त्या वेळी मी वालीवला एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. दिवसभर मशीनवर वाकलेला. संध्याकाळी सायकलवरून घरी येईपर्यंत डोकं असं ठणकायचं की दिवा नको वाटायचा. मागून कुणी हाक मारली तर मी बैलगाडीसारखा अख्खा वळायचो. एका सुट्टीच्या दुपारी मी घरी बसून कामाचे कागद टाइप करत होतो. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

"भाऊजी, तुम्ही बोटांनी टाइप करता की खांद्यांनी?"

"म्हणजे?"

"खांदे कानांना लागलेत तुमचे. कुणाला तरी भ्यायल्यासारखे."

त्या दिवसापासून सुट्टीच्या दुपारी तिने मला शिकवलं. मी चटईवर पडायचो, ती डोक्याशी बसायची. माझ्या मानेखाली दोन बोटं नुसती टेकवून ठेवायची. दाबायची नाही, चोळायची नाही. "इथे. इथे धरून ठेवलंय तुम्ही. सोडा." मी म्हणायचो, सोडली. ती म्हणायची, "खोटं. बोटांना कळतं." हसू यायचं, आणि हसता हसता मान खरोखर सुटायची. पावसाळा संपेस्तोवर माझं डोकं दुखायचं थांबलं. ऑफिसात मी खुर्ची बदलून घेतली, मशीन उंच ठेवलं. घरात कुणी विचारलं तर सांगायचो, डॉक्टरने गोळ्या दिल्यात. तेव्हा माझं लग्न ठरत होतं, आणि भावाच्या बायकोने माझ्या मानेला हात लावला हे मी कुणाला आणि कसं सांगणार होतो? दोन घरांपलीकडे सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याची गोष्ट झाली असती.

मग ती दुपार आली. वहिनी चटईवर होती. आदल्या रात्री लेकरू आजारी, त्यामुळे तिचा डोळा लागला आणि उभे गुडघे घसरून पाय सरळ झाले. आमच्याकडे माणूस गेल्यावर त्याला तिथेच ठेवतात, ओटीवर, आल्तारासमोर, पाय दाराकडे, हात जुळवून. पाचूबंदरची मासळीवाली दारात आली. "गो बाय, जरा पानी दे," म्हणाली. उत्तर नाही. आत डोकावली आणि पाटी टाकून तिने हंबरडा फोडला. "धावा गो धावा! सून गेली तुमची! तरनीताठी पोर गेली!" शेजारचा म्हातारा उठला, आत येऊन बघायचीही तसदी न घेता तडक चर्चकडे पळाला. वहिनी दचकून उठून बसली, पण त्याला परत बोलवीपर्यंत मरणाची घंटा सुरू झाली होती. दादा वाडीतून चिखलाच्या हातांनी रडत आला. अर्धा गाव जमला. फादर सायकलवरून घाम पुसत आले, आणि वहिनी दारात उभी राहून मासळीवालीला पाणी देत होती.

गाव हसला, हसणारच. "रेजिनाबाय, वर गर्दी होती काय?" असं लोक कित्येक महिने विचारत. पण आमच्या घरात कुणी हसलं नाही. आयच्या लेखी जिवंत माणसाची घंटा वाजणं म्हणजे घरावर मरण बोलावून आणणं. संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना झाली. सगळे गुडघ्यांवरून उठायच्या आत आय म्हणाली, "आजपासून दिवसाढवळ्या या घरात कुणी बाई आडवी होणार नाही. लोकांच्या सुना काय पडून असतात?"

वहिनी म्हणाली, "आय, मी झोपत नाही. त्याने मान सुटते. खोटं वाटत असेल तर भाऊजींना विचारा. त्यांची मान कशाने बरी झाली?"

सगळे माझ्याकडे वळले. दादाचे डोळे अजून लाल होते. तो म्हणाला, "काय रे अंतोन? तुला काय माहीत?"

मला सगळं माहीत होतं. मान मोकळी होते म्हणजे काय होतं, हे त्या घरात वहिनीनंतर फक्त मला माहीत होतं. मी म्हणालो, "मला गोळ्यांनी बरं वाटलं. पडून राहिल्याने कुठे मान बरी होते?"

वहिनीने माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यात राग असता तर बरं झालं असतं... तिने फक्त ओळखलं, बोटांनी ओळखायची तसं. दुसऱ्या दिवशी चटई गुंडाळून माळ्यावर गेली. सिस्टरांकडे जाणं बंद झालं, काही वर्षांनी त्यांची बदली झाल्याचं कानावर आलं. मी पुढे अनेक वर्षं स्वतःला समजावलं की मी दोघांची अब्रू वाचवली. वहिनीची अब्रू घंटेने जायची ती गेलीच होती. मी वाचवली ती माझी.

त्यानंतर मी लग्न करून वेगळं घर बांधलं, त्याच वाडीच्या दुसऱ्या टोकाला. तिथून मला वहिनी दिसायची. आधी तिची मान एका बाजूला वळेना, मग दुसऱ्या. चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या बायकांकडे बघून हसणं तिला जमेना, तर त्या म्हणत, रेजिनाबायला गर्व चढला. ऐंशीच्या दशकात वाड्या विकल्या जाऊ लागल्या, विहिरीवर पंप बसला, कामं थोडी हलकी झाली. तोवर आय गेली होती. आता तिला अडवणारं कोणी नव्हतं. मी एकदा धीर करून म्हटलंही, "वहिनी, आता पडत जा की दुपारची." ती म्हणाली, "आता पडले तर घंटा ऐकू येते, भाऊजी." आणि कापायला घेतलेल्या माशावर पुन्हा वाकली. आयने दुपारपुरतं बंद केलेलं दार नंतर तिच्या आतूनच लागलं होतं, आणि मी बाहेर उभा होतो, ताठ मानेने.

शेवटची भेट ती जायच्या दोन महिने आधीची. खाटेवर तीन उशांना टेकून बसवली होती, कारण सपाट झोपवलं की श्वास लागायचा. मला बघून म्हणाली, "अजून पडता ना दुपारचे?"

"पडतो."

"बरं करता." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "खांदे खाली आहेत तुमचे. छान दिसतं."

मी म्हटलं, "वहिनी, त्या संध्याकाळी मी..."

"पेज घेणार का?" तिने विचारलं. "गरम आहे अजून."

मी पेज प्यालो. तिने मला ते वाक्य पुरं करू दिलं नाही. माफ केलं म्हणून की ऐकायचं नव्हतं म्हणून, हे मला कळलं नाही, आणि आता कळणार नाही. पण लोकांनी एवढं जाणावं. वहिनी दुपारची कधी आडवी झाली नाही हा तिचा मोठेपणा नव्हता. तिला आडवं व्हायचं होतं. थोडा वेळ, जमिनीवर, स्वतःच्या मानेसाठी. तेवढंच तिने मागितलं होतं, आणि ज्याला तिने बरं केलं त्याने ते मिळू दिलं नाही.

मी अजून रोज दुपारी पडतो. घर लगेच चिडीचूप होतं. सून लीना टीव्हीचा आवाज बंद करते, दारात आलेल्याला "बाबा पडलेत" म्हणून हळूच परतवते. माझ्या पडण्याला कुणी कधी मरण समजलं नाही, आळसही नाही. परवा तसाच पडलो होतो. मान सुटेना. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, जपून घासलेल्या, माझी झोप मोडू नये अशा भांड्यांचा. मी उठलो आणि आत गेलो. लीना ओट्याशी उभी होती, एका हातात भांडं, दुसऱ्या हाताने स्वतःची मान दाबत.

म्हटलं, "तू जा, जरा पड. भांडी मी बघतो."

तिने माझ्या कपाळाला ओला हात लावून पाहिला. "बाबा, बरं वाटत नाही का?"

"मला बरं आहे. तू पड. उशी नको, पुस्तकं घे डोक्याखाली. गुडघे वर."

बरीच हुज्जत घालून, हसून, शेवटी ती बाहेरच्या खोलीत लादीवर पडली. मी नळाखाली एक-एक भांडं धुतलं. मधेच वळून पाहिलं. ती मी सांगितलं तशीच पडली होती, गुडघे वर, हात पोटावर. डोळे मात्र उघडे होते, आणि सारखे दाराकडे जात होते.