आधी नाव सांग

अंगावर पित्त उठलेलं माणूस समोर आलं की कंपाउंडरमामा पहिल्यांदा त्याला नाव विचारायचे. नुसतं नाव नाही. स्वतःचं, बापाचं, आडनाव आणि वर राहण्याचं ठिकाणसुद्धा. समोरचा त्यांच्या डोळ्यांदेखत आमच्याच चाळीत जन्मलेला असला तरी त्यातून सूट नव्हती. तो बिचारा कराकरा खाजवत, वैतागत नाव सांगायचा आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. माझी आई म्हणायची, "ह्येका सगळ्यांची नावां पाठ आसत, तरी परत इचारता." मामांचं नावाकडे लक्षच नसायचं, हे आईला तेव्हा कळलं नव्हतं आणि मलाही बऱ्याच उशिरा कळलं.

लालबागच्या आमच्या चाळीत ते दोन खोल्या पलीकडे एकटे राहायचे. नाक्यावरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. कानावर पेन्सिल, सदऱ्याला मिक्श्चरचा वास, आणि बोटं कायम औषधाने पिवळी. दुपारी आणि रविवारी दवाखाना बंद असला की चाळ त्यांच्या दाराशी यायची. पित्त तर आमच्याकडे कुणाला ना कुणाला उठलेलंच असायचं. कुणाला कोळंबी बाधली, कुणाला सुकट, कुणाला गिरणीतला रंग. बायकांचा उपाय ठरलेला होता: आमसुलाचं पाणी अंगाला चोळायचं आणि घोंगडीत गुंडाळून निजवायचं. मामा आमसुलाला कधी हसले नाहीत. त्यांच्या फळीवर आमसुलांची एक बरणीच भरलेली असे. घोंगडीवर मात्र ते भडकायचे. "गुंडाळलंत तर मला माणूस दिसणार कसा? पार्सल करून गावाला धाडायचाय काय?"

त्यांचा हिशेब सोपा होता आणि तो चाळीतल्या पोरासोरांनाही तोंडपाठ होता. "चामडीवर आहे तोवर आमसूल. ओठ सुजले, जीभ जड झाली, उलटी झाली, की डॉक्टर. आणि आवाज बदलला की चपला शोधत बसायचं नाही, निघायचं." त्या चपलांची आम्ही फार थट्टा करायचो. कुणी घाईत अनवाणी जिना उतरताना दिसला की विचारायचं, "काय रे, आवाज बदलला काय?"

एकदा समोरच्या खोलीत नवी सून आली. चार दिवसांत सुकटीने तिला पित्त उठलं. मामा म्हणाले, "आधी नाव सांग. पूर्ण." पूर्ण नावात नवऱ्याचं नाव आलं, आणि ते सासूसासऱ्यांसमोर घ्यायचं कसं? ती गप्प उभी. मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पित्त उठलेलं माणूस गप्प बसलं की त्यांना धास्तीच वाटायची. शेवटी सासू म्हणाली, "उखाण्यात घे गो." त्या पोरीने लाल झालेले हात पदराखाली लपवले आणि तिथल्या तिथे जुळवलं, "आमसुलाच्या पाण्याने उतरेल अंगाची लाली, बाबूरावांचं नाव घेते, सगळी चाळ गोळा झाली." गॅलरीत हशा पिकला. मामा तेवढे हसले नाहीत. डोळे उघडून म्हणाले, "खणखणीत आहे. जा, आमसूल लाव."

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदा सरळ विचारलं. मी नुकतीच शाळेत शिक्षिका झाले होते आणि जगात कुणालाही काहीही विचारायचा आपल्याला परवाना मिळालाय असं मला वाटत होतं. मामा औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायच्या, डोसाच्या खुणा दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या कापत बसले होते. कात्री न थांबवता म्हणाले, "आमची बायको गांधीलमाशी चावून गेली. गावाला. अंगभर पित्त उठलं, आईने आमसूल लावलं, घोंगडीत घातलं. मग तिचा आवाज घोगरा झाला. म्हणाली, पाणी द्या. आणि मी हसलो, मास्तरीणबाई. म्हटलं, बाप्यासारखी बोलायला लागलीस. बैलगाडी जोडेपर्यंत सगळं आटोपलं." मग हातातली पट्टी उजेडात धरून खुणा सारख्या पडल्यात का ते पाहिलं आणि पुढचा कागद घेतला. त्यानंतर मी चपलांची थट्टा केली नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले आणि मामांची पंचाईत झाली. साऱ्या गिरणगावाचा घसा बसला. पाळी सुटली की माणसं मोर्च्याला, मोर्च्यातून सभेला. दूधवाला घोगरा, वाणी घोगरा, आमच्या शाळेचा शिपाई तर हातवारे करूनच बोलायचा. मामा स्वतः सभेला पुढे बसणारे, त्यांचाही आवाज फाटलेला. पण घरी आले की कपाळ धरून बसायचे. "मुंबई मिळेल गो," एकदा मला म्हणाले, "पण आता मी ऐकू काय?" मी ते हसण्यावारी नेलं. लोकांना तेव्हा लाठीची भीती होती, गोळीची होती. पित्ताची भीती बाळगायला कुणाला सवड नव्हती.

माझा धाकटा भाऊ वसंता गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा आणि उरलेला वेळ चळवळीत असायचा. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, खाल्ल्या की त्याला हमखास पित्त उठायचं, आणि कुर्ल्या काही तो सोडायचा नाही. आमसुलं भिजत घालून मग जेवायला बसणारा तो एकटाच माणूस मी पाहिला. त्या आठवड्यात त्याने माझ्या पिशवीतली शाळेची खडूची पेटी न विचारता नेली आणि परळपर्यंतच्या भिंती घोषणांनी रंगवल्या. मला शाळेत ऐकून घ्यावं लागलं. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. एका खोलीत राहून बोलणं सोडणं म्हणजे काय, ते ज्यांनी सोडलंय त्यांना सांगायला नको. "आई, त्याला म्हणावं पाय आवर." "आई, तिला म्हणावं पाय माझेच आहेत." असे तीन दिवस गेले. त्यातच शहरात संचारबंदी लागली.

चौथ्या दिवशी सकाळी संचारबंदी थोडा वेळ उठली. शीव कोळीवाड्याची आमची नेहमीची कोळीण पाटी घेऊन कशीबशी नाक्यापर्यंत पोचली आणि आईने धावत जाऊन कुर्ल्या आणल्या. कित्येक दिवस घरात भात आणि कुळथाची पिठी चालली होती, त्यामुळे त्या दुपारी आमच्याकडे सणच होता. आम्ही जेवत असतानाच बंदी परत लागली. हात धुऊन होतात न होतात तोच वसंताच्या मानेवर चट्टे दिसायला लागले. आमसुलं संपली होती. आई ती आणायला मामांच्या खोलीकडे गेली आणि ती परतायच्या आधी मामाच आमच्या खोलीत आले. आई तिकडे बरणी शोधत राहिली.

"आधी नाव सांग."

"वसंत गोविंद परब, लालबाग, मुंबई, महाराष्ट्र," वसंता म्हणाला. आवाज पार घोगरा. आपल्याच विनोदावर हसला.

मामा हसले नाहीत. "परत सांग." त्याने परत सांगितलं. मामांनी ओठ पाहिले, जीभ पाहिली. ओठ लाल होते, पण त्या रश्शाने आमचे सगळ्यांचेच लाल झाले होते. "घसा कधीपासून बसलाय?"

"चार दिवस ओरडतोय मामा. तुमचा काय वेगळा आहे?"

खरोखरच वेगळा नव्हता. मामा माझ्याकडे वळले. "मास्तरीणबाई, सकाळी त्याचा आवाज असाच होता?"

मला ठाऊक नव्हतं. सकाळी आई बाहेर होती, खोलीत आम्ही दोघंच. "सुमे, चहा देतेस?" असं त्याने मला दोनदा विचारलं होतं. मी त्याच्याकडे पाठ करून वह्या तपासत बसले. मी शब्द ऐकले होते, आवाज ऐकला नव्हता. पण हे मामांना सांगायचं म्हणजे चहासुद्धा दिला नाही हेही सांगायचं. मी म्हटलं, "असाच होता. चार दिवस असाच आहे."

मामा दारापर्यंत गेले. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, नाक्यावर बंदुका घेतलेली माणसं. त्या रस्त्यावरून आजाऱ्याला न्यायचं म्हणजे सगळ्यांचाच जीव धोक्यात. तो आवाज घोषणांचा असायला आम्हा सगळ्यांनाच हवा होता, आणि माझ्या उत्तराने तो तसा झाला. मामा परत आत आले.

आईने आमसूल लावलं. मामा घरी गेले नाहीत, पाट ओढून त्याच्यासमोर बसले. थोड्या थोड्या वेळाने म्हणायचे, नाव सांग. तिसऱ्या खेपेला वसंता चिडला. चौथ्या खेपेला त्याने आडनाव गाळलं. "परब म्हण," असं म्हणतच मामा उठले. वसंताचे ओठ हलले, आवाज आला नाही. गळ्याला हात लावून त्याने पाहिलं ते माझ्याकडे. चार दिवसांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे पाहत होतो.

मामांनी त्याला पाठीवर घेतलं आणि अनवाणी जिना उतरले. पुढे मी, काठीला उशीचा पांढरा अभ्रा बांधून. नाक्यावर हवालदाराने अडवलं, वसंताचं तोंड पाहिलं आणि वाट सोडली. वर एका शिपायाला मदतीला दिलं. इस्पितळात पळापळ झाली, इंजेक्शनं झाली. त्या दिवशी आमच्याशी कुणीही वाईट वागलं नाही. राग काढायला मला माणूसच मिळाला नाही.

तरुण डॉक्टर बाहेर आला आणि त्याने विचारलं, "आवाज कधी बदलला?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मला ओळखता आला नाही," म्हणाले. "मी कंपाउंडर आहे, साहेब, आणि मला ओळखता आला नाही."

चारच्या सुमारास वसंता गेला. त्या दिवसांत तरणं माणूस गेलं म्हटलं की लोक हळू आवाजात विचारायचे, गोळी? आई नाही म्हणून नुसती मान हलवायची. कुर्ल्यांचं नाव तिच्या तोंडातून निघायचं नाही.

त्यानंतर मामांनी कुणाला नाव विचारलं नाही. नखाएवढा चट्टा घेऊन कुणी आलं तरी मान वर न करता म्हणायचे, "डॉक्टरकडे जा." बायका कुरकुरल्या, मग आपापसांत आमसूल लावून घेऊ लागल्या. इतकं सगळं कळणारा माणूस आमच्या गॅलरीत बसलेला असायचा आणि त्याला विचारायची सोय उरली नव्हती. माझ्या एका वाक्याने हे झालं, हे मला ठाऊक होतं, आणि तोंड उघडायचा धीर काही होत नव्हता.

मुंबई मिळाली. चाळीचा घसा पुन्हा बसला, या वेळी आनंदाने. त्याच आठवड्यात मामा नोकरी सोडून गावाला निघाले. ट्रंक गॅलरीत ठेवून आमच्या दाराशी आले. आई आत होती. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला ठाऊक नव्हतं. त्याने सकाळी चहा मागितला होता आणि मी वळूनसुद्धा पाहिलं नाही."

मामांनी चौकटीला हात टेकला. "मला कळलं होतं गो," म्हणाले. "तू उत्तर दिलंस तेव्हा तुझा आवाज बदलला होता. तेवढं मला ऐकू येतं."

"मग तुम्ही निघाला का नाहीत?"

"खाली रस्ता बघितला," मामा म्हणाले, "आणि तुझ्या उत्तराच्या आड बसलो." मग वाकून त्यांनी ट्रंक उचलली. मी जिन्यापर्यंत गेले. ते गेले ते परत आले नाहीत. दोन पावसाळ्यांनंतर ते वारल्याचं पत्र आलं.

मी आता त्यांच्याहून म्हातारी झाले. घरात मुलगा आहे, सून आहे, नात आहे. रोज सकाळी मी एकेकाला गाठून विचारते, चहा घेणार का? सून वैतागते. म्हणते, "आई, रोज विचारता आणि आम्ही काय सांगतो ते ऐकत नाही. मी नको म्हटलं तरी कप पुढे येतोच." तिचं बरोबर आहे. ती काय म्हणते तिकडे माझं लक्ष नसतं.