अंमलदाराचं कपाळ

क्योतोच्या उझुमासा भागातल्या स्टुडिओत सातोए नागाकुरा एकतीस वर्षं लोकांची डोकी घडवत होती. ऐतिहासिक मालिकांतले सामुराई, व्यापारी, चोर, वैद्य, कुणाचा बुचडा किती जाड आणि किती उंच, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं. त्या वर्षीची मालिका जुन्या एदो शहरातल्या कोतवालीच्या एका अंमलदाराची होती. नायक म्हणून आणला होता अमामिया नावाचा सव्वीस वर्षांचा गायक.

सातोएनं त्याच्या डोक्याचं माप घेतलं, पत्रा ठोकून साचा बसवला आणि आठ दिवस खपून टोप तयार केला. कपाळापासून टाळूपर्यंत वस्तरा फिरवलेला, मागे आखूड, ऐटदार बुचडा. अमामियानं आरशात पाहिलं आणि त्याचा चेहराच पडला.

"हे काय? मी माझ्या आजोबांसारखा दिसतोय!"

"त्या काळचा अंमलदार असाच असायचा."

"असेल. पण माझ्या चाहत्या मला टकला बघायला बसणार आहेत का?"

निर्माता हिराबायाशी धावत आला. "सातोए-सान, जरा समजून घ्या. पुढे केस येऊ द्या, मागे नुसते बांधून टाका."

"मग तो अंमलदार कुठला? नोकरी गेलेला भटक्या दिसेल. त्याला बघून चोर पळतील की त्याला जेवायला घालतील?"

"एवढं कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"मग तुम्ही नका बघू," म्हणून तो हसत निघून गेला.

तिनं दात-ओठ खात दुसरा टोप केला. पहिले सहा भाग गेले, आणि अंमलदाराचे केस चुकलेत अशी प्रेक्षकांची पत्रं यायला लागली. वर्तमानपत्रानं विचारलं तेव्हा हिराबायाशीनं सांगितलं, "केशरचना विभागाकडून नजरचूक झाली, यापुढे काळजी घेऊ."

रंगपटात चहा पिताना सातोएनं ते वाचलं आणि पेपर घेऊन तशीच त्याच्या खोलीत गेली.

"नजरचूक? माझी?"

"अहो, तुमचं नाव कुठं छापलंय?"

"दर भागाच्या शेवटी पडद्यावर येतं ते कुणाचं नाव आहे? केशरचना म्हणून मी एकटीच आहे तिथं!"

"जाऊ द्या हो. आठवड्यात विसरतील लोक."

लोक विसरले असतील, ती विसरली नाही. आलेल्या पत्रांतलं एक कानाझावाच्या एका निवृत्त शिक्षकाचं होतं. 'केस बांधणारी व्यक्ती झोपली होती काय?' असं त्यानं सुबक अक्षरात विचारलं होतं. सातोएनं तीन कागद फाडले आणि चौथ्यावर त्याला सगळं खरं लिहून पाठवलं: पहिला टोप, वस्तरा, आजोबा, सगळं.

दहा दिवसांनी उत्तर आलं. 'आपली अडचण समजली. तरीही आपण नकार द्यायला हवा होता.'

"आला मोठा शहाणा!" ती नवऱ्यावरच ओरडली. "घरात बसून पेन्शन खात नकार द्यायला काय जातंय याचं?"

नवरा बिचारा मुळा किसत होता, तो किसतच राहिला.

पण ते वाक्य काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. वसंतात पुढच्या मालिकेची बोलणी सुरू झाली, नायक म्हणून पुन्हा एक गायकच होता. सातोए हिराबायाशीला म्हणाली, "या वेळी जे काही बदलायचं असेल ते कागदावर लिहून, सही करून द्या."

"सही? आपल्यात आजवर असं कधी झालंय का?"

"म्हणूनच म्हणतेय."

त्यानं हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं, "नायकाचं डोकं मी करणार नाही. मला गर्दीतली माणसं द्या."

गर्दीच्या नटांना बुचडे बांधणं म्हणजे नवशिक्यांचं काम. पगार उतरला, पडद्यावरचं नाव गेलं. आता पहाटे पाचला ती भाजीवाले, हमाल, पालखीचे भोई यांची डोकी बांधते. तिथं कुणी येऊन सांगत नाही की पुढे केस सोडा.

समाधान मात्र नाही. रविवारी संध्याकाळी मालिका लागली की ती टीव्हीपुढे बसते. नायक झुलपं उडवत येतो. मागे, अगदी धूसर, तिचा भाजीवाला अचूक बुचडा घालून उभा असतो.

"सरक ना मेल्या, दिसू दे तो भाजीवाला!" ती नायकावर खेकसते.

नायक सरकत नाही. नवरा आवाज कमी करतो, आणि ती त्यालाही बोलते.