ओटीतला झेंडा

अख्ख्या पांढुर्णा जिल्ह्यात इटालियन भाषेत माझा पहिला नंबर आहे. (दुसरं कुणी शिकत नाही, हा भाग वेगळा.)

आमचा नितीन नोकरीसाठी मिलानला गेला आणि मी सौंसरला बसून इटालियनचा ऑनलाइन क्लास लावला. उद्या तिकडे गेले आणि भाजीवाल्याने सडका टोमॅटो गळ्यात मारला, तर त्याला चार शब्द ऐकवता यायला नकोत? वर्गातली बाकीची मुलं माझ्या मुलाहून लहान. पुण्याच्या मॅडमही लहानच. त्यांनी एका रविवारी फर्मान काढलं, "पुढच्या तासाला सगळ्यांनी वहीचं कव्हर सजवून दाखवायचं. बघितल्याबरोबर इटली दिसली पाहिजे!" माझ्या वहीला खाकी कव्हर, वर 'श्री' आणि खाली ठळक अक्षरांत 'इटालियन'. एवढ्यात इटली कुणाला दिसणार?

पुढचा रविवार नेमका मोलाचा निघाला. नितीनने कित्येक मुलींना नाही म्हणता म्हणता अखेर पांढुर्ण्याच्या एकीला हो म्हटलं होतं. "आई, जमलं तर हिच्याशीच," एवढंच तो फोनवर बोलला आणि माझा जीव टांगणीला लागला. कारण मुलीच्या आईचं मन तयार होत नव्हतं. एकुलती एक पोर इतक्या लांब द्यायची, तर निदान माणसं कशी आहेत ते पाहावं, म्हणून मुलीचे आईवडील घर बघायला येणार होते. 'जामसांवलीले मारुतीचं दर्शन करून पाच वाजेपर्यंत येतो' असा निरोप होता. माझा तास चारला. सगळं व्यवस्थित जुळत होतं. (माझं काही व्यवस्थित जुळायला लागलं की मला घाम फुटतो.)

जेवणं आटोपल्यावर मी कात्री घेऊन बसले. इटलीचा झेंडा हिरवा, पांढरा, लाल. पांढरा कागद होता, लाल लग्नपत्रिका होती. हिरवं काही सापडेना. मग कपाट उघडलं. ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांची चळत आपल्याकडे घरोघरी असते. ती शिवायची थोडीच असतात! तुम्ही मला द्यायची, मी रामाकोन्याच्या जावेला, तिने मोहगावच्या नणंदेला. घडी मोडायची नाही, एवढाच नियम. मी वरचंच एक हिरवं, जरीच्या बुट्ट्यांचं ओढलं, त्याच्या मधोमध चांगली रुंद पट्टी कापली आणि डिंकाने वहीवर चिकटवली. वा!

तेवढ्यात आमचे हे खोलीत आले.

"काय कापून राहिली वं?"

"झेंडा."

"अवं, हे तं आपन नागपूरहून आनलं होतं ना? पांढुर्ण्याच्या ताईच्या, पोरीच्या मायच्या ओटीसाठी?"

ऐन वेळी सापडावं म्हणून मीच ते चळतीत सगळ्यांत वर ठेवलं होतं!

"मंग दुसरं दे."

"त्यांना देण्याजोगं दुसरं एकच आहे. आणि ते आपण मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनीच माझ्या ओटीत घातलंय!"

"थांब, बाजारातून आनतो." ह्यांनी एका पायात चप्पल घातली आणि दारात गाडी थांबली.

"दर्शन लवकर झालं बाप्पा! आज गर्दीच नव्हती," ताई प्रसाद पुढे करत म्हणाल्या. मारुतीरायाच्या दारी एरवी केवढी रांग असते, पण आजच त्याने माझा अंत पाहायचं ठरवलं होतं!

मी ओली वही दिवाणावरच्या चादरीखाली सरकवली. खोलीत चार खुर्च्या होत्या. ताई बरोब्बर वहीवर बसल्या.

"तिकडं नका बसू, तिथं हवा लागत नाही," मी म्हटलं.

"राहू द्या. मले नाही गर्मी होऊन राहिली."

मला होत होती! चहा झाला, पोहे झाले, घर पाहून झालं आणि ताई पुन्हा त्याच जागी बसल्या. आता ओटी. मी त्या ब्लाउजपीसची घडी अशी घातली की भोक आत गेलं, वर नारळ आणि मूठभर तांदूळ ठेवले, देवाचं नाव घेतलं.

"माय, काय रंग आहे! पाहू तं..." म्हणत ताईंनी घडीला हात घातला.

"उघडू नका!" मी अशी किंचाळले की मुलीच्या वडिलांच्या हातातला कप हिंदकळला. "म्हणजे... आमच्याकडं ओटी घरी जाऊनच उघडतात. रीत आहे."

इतक्या वर्षांत घरातली एकही रीत ठाऊक नसलेले आमचे हे म्हणाले, "हाव हाव, लय जुनी रीत आहे!"

ताई उठल्या. त्यांच्याबरोबर चादर सरकली आणि वही धपकन खाली पडली. ह्यांनी चपळाईने तिच्यावर पाय ठेवला. ताईंनी पायाकडे पाहिलं, हातातल्या घडीकडे पाहिलं आणि "येतो मंग" म्हणून गेल्या.

त्या दिवशी मी क्लासला कॅमेरा बंद ठेवून बसले. आठवडा गेला, पांढुर्ण्याहून फोन नाही. नितीनचा मात्र रोज. "आई, तू त्यांना काही बोललीस का गं?"

"बोलले काहीच नाही रे." (कापलं होतं.)

त्याचा उतरलेला आवाज ऐकून मला स्वतःची इतकी चीड आली की ती कात्री मी माळ्यावर फेकली. एका भाषेच्या वहीपायी पोराचं लग्न घालवणारी बाई आमच्या घराण्यात मी पहिलीच!

अखेर निरोप आला. 'रविवारी या. समोरासमोर बोलू.' आम्ही दोघं गाडीत मारुतीरायाचा धावा करत पांढुर्ण्याला पोहोचलो. चहा झाल्यावर ताईंनी मला पाटावर बसवलं आणि ओटीत तेच हिरवं कापड घातलं!

"उघडा आता. आमच्याकडं तशी रीत नाही."

मी घडी मोडली. आत वहीचं शिवलेलं कव्हर होतं! हिरवा, पांढरा, लाल, तिन्ही पट्टे सरळ, कडेला जरीच्या बुट्ट्या, वर पेन खोचायला कप्पा.

"पायाखालून दिसलेलं वहीवरचं 'इटालियन' वाचलं मी तवाच," ताई म्हणाल्या. "पोरीले म्हनलं, पोरगा राह्यते तिथची भाषा शिकासाठी जे बाई ओटीचं कापड कापते, ते सुनेले किती जीव लावन! माह्या मनातली भीती गेली, विहीणबाई."

'विहीणबाई' ऐकलं आणि मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

"रडता काऊन? क्लासचा नंबर द्या ना. पोर तिथी जाईन तं मलेबी बोलता आलं पाह्यजे!"

मी उदार मनाने नंबर दिला. पहिल्या चाचणीचा निकाल परवाच लागला. अख्ख्या पांढुर्णा जिल्ह्यात इटालियन भाषेत आता माझा दुसरा नंबर आहे. शेवटून पहिला म्हटलं तरी चालेल!